परसातलं पाइपाचं हरितगृह: मापं, जोड आणि वारा

पीव्हीसी पाइप आणि प्लास्टिकच्या कागदाच्या या हरितगृहाचं वजन, लाकूड आणि जमिनीतल्या सळया सोडल्या तर, पन्नास किलोही भरत नाही. त्याची निम्मी दुखणी या हलकेपणातूनच येतात. उभं करताना तो सुखाचा वाटतो, कारण दोन माणसं अख्खा सांगाडा उचलून हवा तिथे ठेवू शकतात. वाराही तेच करू शकतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटरला साधारण १२ किलो, तर ताशी १०० च्या वादळात त्याच्या चौपट, म्हणजे ४८ किलोच्या आसपास. आमच्या या हरितगृहाची लांब बाजू ४.५ मीटर आणि उंची २ मीटर, म्हणजे ९ चौरस मीटर. वादळात या एका बाजूवर चारशे किलोंहून जास्त रेटा येतो, शिवाय वरून आणि मागच्या बाजूने कागद ओढला जातो तो वेगळाच. त्यामुळे कमानी, कागद, दार हे सगळं नंतर. जमिनीत काय आणि किती जाणार, हे आधी ठरवलं.

माप धरलं ३.६ मीटर रुंद आणि ४.५ मीटर लांब. हा आकडा हवेतून आलेला नाही. पाइप ६ मीटरचा येतो आणि कमान अखंड एका पाइपाची हवी, मग रुंदी किती ठेवायची याला फार वाव उरत नाही. ३.६ मीटर रुंदीला कमानीची मधली उंची जवळजवळ २ मीटर मिळते. ३ मीटरला ती सव्वादोनपर्यंत जाते, पण माथ्यावरचा बाक फार तीव्र होतो आणि १ इंची जाड पाइपाला तो सोसत नाही; तेवढंच अरुंद घर हवं असेल तर पाऊण इंची पाइप घ्यावा. उलट ३.८ मीटरच्या पुढे गेलं की कमान अर्धवर्तुळापेक्षा चपटी होते, खांद्याशी, म्हणजे कमान जिथे माथ्याकडे वळते तिथे, वाकून चालावं लागतं आणि माथ्यावर पाणी रेंगाळतं. अंतर्गत जागा वाढवायची तर रुंदी तशीच ठेवून लांबी वाढवावी. लांबी वाढवायला एक कमान आणि दोन सळया पुरतात.

पाइप घेतला तो शेड्यूल ४० चा (ही भिंतीच्या जाडीची प्रत), १ इंची. याचा बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर आणि भिंत ३.४ मिलिमीटरची असते. पातळ भिंतीचा पाइप हाताला छान वाकतो, पण उन्हात तापला की माथ्यावर बसकण मारतो आणि गार झाल्यावर पुन्हा सरळ होत नाही. पीव्हीसी ६० अंशांच्या पुढे नरम पडू लागतं, आणि कडक उन्हात गडद रंगाचा पाइप त्या तापमानाच्या जवळ जातो. दुसरी गोष्ट अतिनील किरणांची. पाण्याचा साधा पांढरा पाइप उघड्या उन्हात दोन-तीन वर्षांत वरून पिवळट होतो आणि ठोका बसला की तडकतो. विजेच्या तारा नेण्याचा करडा कंड्युइट पाइप उघड्यावर वापरायलाच बनवलेला असला, तर त्यात अतिनील-रोधक घातलेलं असतं आणि तो जास्त टिकतो. मात्र त्याची भिंत पुरेशी जाड आहे ना, हे टोकाकडून बघून घ्यावं.

सामान असं लागलं. कमानींसाठी ६ मीटरचे ७ पाइप, माथ्याच्या आणि दोन्ही खांद्यांच्या आडव्या पाइपांसाठी ३, कोपऱ्यातल्या तिरक्या आधारांसाठी २, आणि एक जादा. जादा पाइप घ्यावाच, कारण वाकवताना एखादा चिरतो आणि त्या एकासाठी काम अडतं. १६ मिलिमीटरच्या लोखंडी सळया, प्रत्येकी ९० सेंटिमीटर, १४ नग. तळाला १५ सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड फळ्या, एकूण १६ मीटर. ३५ मिलिमीटरच्या लोखंडी अँगलच्या (काटकोनी पट्टीच्या) ७५ सेंटिमीटर लांब खुंट्या ८. दाराच्या चौकटीला ५ बाय ५ सेंटिमीटरचं लाकूड. सॅडल क्लँप (पाइपावरून बसून त्याला फळीशी आवळणारी वाकडी पट्टी), ६ मिलिमीटरचे नट-बोल्ट आणि मोठे वॉशर, काळे केबल टाय, सायकलची जुनी रबरी ट्यूब, नायलॉनची दोरी. कागदाविषयी पुढे सांगतो.

आखणीला फक्की, दोरी आणि चार खुंट्या पुरतात. चारी बाजू मोजून आयत आखला की दोन्ही कर्ण मोजायचे. ३.६ बाय ४.५ च्या आयताचा कर्ण ५ मीटर ७६ सेंटिमीटर येतो आणि दोन्ही कर्ण एकसारखे भरायला हवेत. इथे दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सोडून दिला की कागद ताणताना एका कोपऱ्यात सुरकुती पडते आणि ती काही केल्या जात नाही. जमीन अगदी सपाट नसली तरी चालतं. लांबीच्या दिशेने दर मीटरला एक सेंटिमीटरचा उतार तर हवाच, पाणी वाहून जायला. आडव्या दिशेने मात्र पातळी सारखी पाहिजे, नाहीतर सगळ्या कमानी एका अंगाला कलतात. घराभोवती चारी बाजूंनी मीटरभर जागा मोकळी सोडावी. कागद ताणायला आणि पुढे बदलायला माणूस फिरला पाहिजे. आणि वाऱ्याचा नेहमीचा रोख ओळखून अरुंद बाजू त्याच्यासमोर करावी.

सळया ठोकण्याआधी जमिनीखालून पाण्याची लाइन किंवा वायर गेली आहे का, हे बघून घ्यावं. लांब बाजूंवर ७५ सेंटिमीटरच्या अंतराने एकेका बाजूला सात खुणा केल्या. प्रत्येक खुणेवर सळई ५० सेंटिमीटर आत ठोकली, ४० सेंटिमीटर वर ठेवली. ठोकून झाल्यावर वरच्या तोंडाला आलेले काटे कानशीने घासून टाकले, कारण पाइप सरकवताना तेच आतून ओरखडा काढतात आणि पाइप नेमका त्या ओरखड्यापासून चिरत जातो. सळई ओळंब्यात हवी. बारा मिलिमीटरची सळईही लोक वापरतात, पण पाइपाचं आतलं भोक साडेसव्वीस मिलिमीटरचं असल्यामुळे ती आत खुळखुळते आणि कमानीचे पाय बाहेर फाकतात.

हे झालं तरी कमान जमिनीला बांधलेली नसते, ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी सुटून जाते. पाइप सळईवर नुसता सरकवलेला आहे. वाऱ्याने उचलला तर सळई जमिनीत राहते आणि कमान मोजा काढावा तशी सुटून वर जाते. तिला खाली धरण्याचं काम तळाच्या फळीने करायचं असतं. फळ्या कमानींच्या आतल्या बाजूने जमिनीवर उभ्या ठेवून प्रत्येक कमान सॅडल क्लँपने फळीला आवळली. क्लँपला स्क्रू न लावता आरपार बोल्ट घातला आणि मागे मोठा वॉशर दिला. ओल्या लाकडातून स्क्रू ओढून निघतो, बोल्ट निघत नाही. मग त्या फळीला अँगलच्या खुंट्या बोल्टने जोडून जमिनीत ठोकल्या: कोपऱ्यांत चार, दोन्ही लांब बाजूंच्या मध्ये दोन-दोन. खुंट्या सरळ उभ्या न ठोकता थोड्या तिरक्या, आणि शेजारच्या दोन खुंट्यांचा कल एकमेकींविरुद्ध ठेवला. सरळ खुंटी ज्या रेषेत आत गेली त्याच रेषेत वर खेचली जाते. तिरकीला वर येताना बाजूची माती फोडावी लागते.

रेताड किंवा भुसभुशीत जमिनीत खुंट्यांवर विसंबू नये. तिथे २० सेंटिमीटर व्यासाचा, ४५ सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन काँक्रीट भरावं. अशा एका खड्ड्यात तीस-बत्तीस किलो काँक्रीट बसतं आणि चारी कोपऱ्यांत मिळून सव्वाशे किलोंचा भार होतो. सिमेंट नको असेल तर हातभर लांबीचा पाइपाचा तुकडा किंवा दगड दोन फूट खोल आडवा पुरून त्याला बांधलेली गॅल्वनाइज्ड तार वर काढून फळीला आवळता येते. मुरमाड जमिनीत खुंटी घट्ट बसते, पण भिजलेल्या मातीत तिची पकड ढिली होते, आणि मोठा वारा बहुतेक वेळा पावसाबरोबरच येतो. तेव्हा कोरड्या दिवशी हलवून पाहिलेली खुंटी घट्ट लागली, यावर समाधान मानू नये.

कमानी वाकवायला ऊन हवं. थंड सकाळी पीव्हीसी ठिसूळ असतं. पाइप दोन तास उन्हात पसरून ठेवला की तोच पाइप निमूट वाकतो. पाइपाच्या एका टोकाला सॉकेट, म्हणजे रुंद केलेलं तोंड, असतो तो आधी कापून टाकायचा, नाहीतर तो पाय सळईवर ढिला बसतो. कापल्यावर सगळे पाइप एका लांबीचे करून घ्यायचे, फरक पाच मिलिमीटरच्या आत ठेवून. एक कमान दोन बोटं उंच झाली तरी कागद तिच्यावर तंबूसारखा उचलला जातो आणि तिथेच घासून फाटतो. वाकवताना एकाने एक पाय सळईवर पूर्ण बसवून धरायचा, दुसऱ्याने दुसरं टोक धरून हळूहळू चालत समोरच्या सळईपर्यंत यायचं. हातातून सुटलेला पाइप छडीसारखा उलटा येतो, म्हणून तोंड त्याच्या वाटेत ठेवू नये.

६ मीटरचा पाइप मिळाला नाही आणि ३ मीटरचेच असले, तर दोन तुकडे माथ्यावर कपलरने (जोडनळीने) जोडण्याचा मोह होतो. तो जोड सर्वांत वाईट जागी पडतो. कमानीचा बाक माथ्यावर सर्वांत जास्त असतो, पायांकडे पाइप जवळपास सरळ असतो. कपलर वाकत नाही. मग सगळा बाक कपलरच्या दोन्ही कडांना लागून येतो आणि पाइप तिथेच मोडतो. अशा वेळी एक पाइप मधोमध कापून दीड, तीन आणि दीड अशी जोडणी करावी, म्हणजे जोड खांद्याच्या खाली उतरतात. हाच न्याय माथ्यावरच्या चौमुखी जोडालाही लागू आहे. चित्रांत तो फार नीटनेटका दिसतो: प्रत्येक कमान दोन तुकड्यांची, मध्ये प्लसच्या आकाराचा फिटिंग, त्यातून माथ्याचा आडवा. पण त्या जोडाशी कमान गोल न होता कोन घेते, जोडाच्या दोन्ही बाजूंना चपटं पडतं आणि पहिला जोराचा वारा तिथेच हिशेब पुरा करतो.

आम्ही कमान अखंड ठेवली आणि आडवा पाइप तिच्या खालून, आतल्या बाजूने नेला. यात दोन फायदे आहेत. कागद फक्त कमानींना टेकतो, आडव्यांना टेकत नाही. आडवा वरून नेला असता तर त्याच्या मागे कागदाला कठडा होऊन पाणी साठलं असतं. दुसरं म्हणजे कमानीला भोक पाडावं लागत नाही. बोल्ट घालायचा म्हटलं तर भोक नेमकं माथ्याच्या वरच्या पृष्ठावर येतं, आणि वाकलेल्या पाइपावर सर्वांत जास्त ताण तिथेच असतो. त्याऐवजी रबरी ट्यूबची दीड बोट रुंद पट्टी ताणून चौफुलीवर दोन्ही तिरप्या दिशांनी गुंडाळली आणि वरून दोन केबल टाय आवळले, त्यांच्या गाठी आत वळवून. काळे टाय उन्हात टिकतात, पांढरे वर्षभरात तुटतात. टायचं उरलेलं शेपूट कापल्यावर धारदार कड राहते, ती कागदाकडे येऊ द्यायची नाही.

माथ्यावर एक आणि खांद्यांवर एकेक, असे तीन आडवे बांधूनही सांगाडा लांबीच्या दिशेने हाताने हलवला तर डुलतो. सातही कमानी एकदम एका बाजूला कलतात, कारण चौकोनाला चौकोन राहायची काही सक्ती नसते. म्हणून चारी कोपऱ्यांत तिरका आधार दिला: पहिल्या कमानीच्या पायथ्यापासून तिसऱ्या कमानीच्या खांद्यापर्यंत सव्वादोन मीटरचा पाइप. पहिली आणि तिसरी कमान यांच्यात दीड मीटरचं अंतर आहे आणि खांदाही जमिनीपासून दीड मीटरवर, त्यामुळे आधार बरोबर ४५ अंशांत बसतो. तिरके बांधल्याबरोबर सांगाडा एकदम स्थिर होतो, हातालाच कळतं. सांगाड्याच्या सगळ्या कामात याच्याइतकी कमी मेहनतीची आणि जास्त मोलाची गोष्ट दुसरी नाही.

जिथे मोठा बर्फ पडतो तिथे हे सगळं पुरत नाही. पाइपाचा सांगाडा बर्फाच्या वजनासाठी नसतोच. तिथे लोखंडी पाइप घ्यावा.

दोन्ही टोकांना एकेक दार केलं, ९० सेंटिमीटर रुंद आणि १.८ मीटर उंच. दाराचे खांब ४५ सेंटिमीटर जमिनीत गेले आणि वर टोकाच्या कमानीला क्लँपने आवळले. हा क्लँप सैल राहिला तर वाऱ्यात कमान हलते, खांब हलत नाही, आणि दोघांमध्ये कागद घासून घासून जातो. दार बाहेर उघडणारं असावं. आत उघडणारं दार एक वाफा खातं आणि वाऱ्याने आत ढकललं गेलं की हवा आत शिरून घर फुगतं. दाराची चौकट पाइपाचीही होते, टी (तीन तोंडांचा) आणि एल्बो (कोपऱ्याचा) जोड लावून. या एका ठिकाणी सॉल्व्हंट, म्हणजे पाइप चिकटवायचं द्रावण, वापरायला हरकत नाही. बाकी सांगाड्यात सॉल्व्हंटचा थेंबही लावला नाही, कारण चिकटवलेला जोड पुन्हा सुटत नाही आणि एक पाइप बदलायचा तर तीन पाइप कापावे लागतात.

आता कागद. बांधकामावर झाकायला वापरतात तो पारदर्शक प्लास्टिकचा कागद स्वस्त पडतो आणि एका उन्हाळ्यात त्याच्या चिंध्या होतात. हरितगृहाचा कागद अतिनील-रोधक घातलेला, २०० मायक्रॉनचा असतो आणि नीट लावला तर तीन-चार वर्षं जातो. त्यात दुधाळ आणि पारदर्शक असे प्रकार मिळतात. दुधाळ कागदातून उजेड विखरून येतो, खालच्या पानांपर्यंत पोहोचतो आणि वरची पानं भाजत नाहीत. भाजीपाल्याला तोच बरा. बऱ्याच कागदांची एक बाजू थेंब न गळणारी केलेली असते, ती आत यायला हवी. कडेला छापलेलं वाचूनच कागद उलगडायचा, एकदा ताणून बसवल्यावर पालटायला कोणी तयार होत नाही.

वरच्या कागदाचं माप असं काढलं: कमानीची लांबी ६ मीटर, दोन्ही बाजूंना फळीवर गुंडाळायला अर्धा-अर्धा मीटर, म्हणजे रुंदी ७ मीटर. लांबी साडेचार आणि टोकांवर दुमडायला ६०-६० सेंटिमीटर, म्हणजे ५.७ मीटर. टोकांच्या भिंतींना वेगळे तुकडे, प्रत्येकी ४.२ बाय २.५ मीटर.

कागद चढवण्याआधी एक काम आहे आणि ते सहसा टाळलं जातं. पाइपाचं पीव्हीसी आणि कागदाचं पॉलिथिन यांचं जमत नाही. पाइपातून हळूहळू सुटणारे क्लोरीनयुक्त घटक कागदातल्या अतिनील-रोधकाला निकामी करतात, शिवाय तापलेला पाइप कागदाला त्याच रेषेत भाजत राहतो. परिणामी कागद मध्ये धडधाकट असतो आणि प्रत्येक कमानीवर सरळ रेषेत फाटतो. उपाय म्हणजे कमानीच्या बाहेरच्या बाजूला पॉलिश पेपर मारून पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यायचे, किंवा फोमची चिकटपट्टी लावायची. पॉलिश पेपर न मारता दिलेला रंग पापुद्रे धरून निघतो. हाच क्लोरीनचा नियम गंधकालाही लागू आहे: आत गंधकाची भुकटी वारंवार धुरळली तर कागदाचं आयुष्य घटतं.

कागद वारा नसलेल्या दिवशी, ऊन कोवळं असताना चढवावा. पॉलिथिन उष्णतेने पसरतं. थंडीत ताणून बसवलेला कागद दुपारी ढिला पडतो, ढिला पडला की फडफडतो, आणि फडफडणारा कागद फाटतोच. कागद वाऱ्याच्या दाबाने फाटण्यापेक्षा फडफडीने जास्त फाटतो. अगदी भर दुपारी ताणला तर थंड रात्री तो इतका आवळतो की क्लिपांपाशी चिरतो. कागदाच्या एका लांब कडेत दोन ठिकाणी मातीचं ढेकूळ गुंडाळून त्यावर दोरी बांधली, दोऱ्या कमानींवरून पलीकडे टाकल्या आणि तिकडून ओढून घेतला. मग एक लांब बाजू फळीवर पक्की केली: कागदाची कड लाकडी पट्टीवर दीड वेढा गुंडाळायची आणि ती पट्टी फळीवर दर ३० सेंटिमीटरला स्क्रूने बसवायची. नुसते स्टेपल मारले तर प्रत्येक स्टेपल हे एक भोक ठरतं आणि भोकांच्या रेषेत कागद टराटरा निघून येतो. समोरची बाजू ताणताना मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं. टोकांकडून मध्ये आलं की सगळी ढिलाई मध्यावर जमते.

टोकाच्या कमानींवर कागद दुमडून क्लिपा लावल्या. तयार क्लिपा किंवा झिगझॅग स्प्रिंग आणि प्रोफाइल (ती स्प्रिंग कागदासकट ज्यात दाबून बसते ती खाचेची पट्टी) मिळतात आणि ते उत्तमच. नाहीतर त्याच मापाच्या पण पातळ भिंतीच्या पाइपाचे दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे करून, उभी चीर पाडून, पाव भागाची पट्टी काढून टाकायची. कडा कानशीने गोल करायच्या आणि गरम पाण्यात बुडवून लावायच्या, म्हणजे सहज उघडतात आणि गार झाल्यावर घट्ट धरतात. क्लिपेखाली जुन्या कागदाची एक पट्टी द्यावी.

शेवटी दोन कमानींच्या मधोमध, कागदावरून एकेक दोरी टाकून दोन्हीकडे खुंट्यांना किंवा फळीतल्या हुकांना बांधली. सात कमानींमध्ये सहा दोऱ्या. दोरीने कागद कमानींच्या मध्ये किंचित खाली दबतो आणि फडफड थांबते. दोरी कमानीवरून नेली तर तिचा काहीच उपयोग होत नाही.

खालची कड चरात पुरण्याची पद्धतही आहे: ३० सेंटिमीटर खोल चर, त्यात कागदाचं अर्धा मीटर शेपूट, वर माती. हे फळीपेक्षा स्वस्त पडतं, वारा खालून शिरत नाही आणि मातीचं वजन आपोआप मिळतं. पण मग बाजू गुंडाळून वर करता येत नाही, आणि उन्हाळा कडक असलेल्या ठिकाणी बाजू वर करता न येणं हे मोठं नुकसान आहे.

कारण हे घर थंडीपेक्षा उकाड्याचं जास्त आहे. बाहेर २५ अंश असताना बंद घरात ४० अंश सहज होतात, तेही एका निरभ्र सकाळी. हवा खेळण्यासाठी उघडी जागा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान पाचव्या हिश्श्याइतकी असावी, असा ढोबळ नियम आहे. १६.२ चौरस मीटरचा पाचवा हिस्सा ३.२४, आणि आमची दोन दारं मिळून नेमकी तेवढीच होतात. म्हणजे दोन्ही दारं उघडी असतील तरच किमान गरज भागते. म्हणून दाराच्या वर, माथ्यालगत एकेक झडप ठेवली. गरम हवा तिथेच साठते. झडपांना आणि दारांना कीडरोधक जाळी लावली की हवेची वाट बरीच अडते, तेव्हा जाळी लावणार असाल तर उघडी जागा दीडपट तरी करा. शेडनेट टाकायचं असेल तर कागदाच्या बाहेरून, दहा-पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवून टाकावं. आतून लावलेलं नेट सावली देतं, पण ऊन तोवर आत आलेलं असतं आणि उष्णता आतच राहते.

रात्रीच्या बाबतीत फार आशा धरू नये. साधा पॉलिथिनचा कागद जमिनीतून निघणारी उष्णता फारशी अडवत नाही. घरातलं तापमान बाहेरपेक्षा दोन-तीन अंशच वर राहतं, आणि निरभ्र, वारा पडलेल्या रात्री कधीकधी बाहेरपेक्षाही खाली जातं. पाण्याचं पिंप ठेवल्याने थोडा आधार मिळतो: २०० लिटर पाणी १० अंशांनी गार होताना सव्वादोन युनिट विजेइतकी उष्णता सोडतं. पिंप काळं हवं आणि दिवसा त्यावर ऊन पडायला हवं. सकाळी कागदाच्या आत दव धरलेलं असतं. ऊन वर येताच दारं उघडली नाहीत तर ते पानांवर गळतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं.

पावसाचं पाणी छपरावरून दोन्ही लांब बाजूंना पडतं. ५० मिलिमीटर पावसात ते ८१० लिटर होतं, म्हणजे प्रत्येक बाजूला चारशे लिटर, नेमकं सळयांच्या बुंध्याशी. दोन्हीकडे २० सेंटिमीटर रुंद आणि १५ खोल चर काढून ते लांब नेलं. कागदावर कुठे पाणी साठलेलं दिसलं तर आतून काठीला फडकं गुंडाळून लगेच उचलून द्यावं. एका चौरस मीटरवर ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ५० किलो, आणि खळगा एकदा पडला की पुढचा पाऊस तो मोठाच करतो. खळगा पडणं म्हणजे तिथे कागद ढिला आहे. पट्टी सोडून तेवढाच भाग पुन्हा ताणायचा.

पहिला मोठा वारा येऊन गेल्यावर सगळे क्लँप, टाय आणि दोऱ्या एकदा आवळून घ्याव्यात; सांगाडा तेव्हाच आपल्या जागी बसतो. छोटी चीर दिसली की कागद दोन्ही बाजूंनी पुसून, कोरडा करून पॉलिथिन दुरुस्तीची पट्टी आतून-बाहेरून लावायची. पॅकिंगची चिकटपट्टी काही महिन्यांत पिवळी पडून सुटते. कागद बदलायची वेळ आली की जुना अखंड काढायच्या फंदात न पडता दोन कमानींच्या मध्ये कापून पट्ट्या करून उतरवावा, आणि नवा चढवण्याआधी कमानींवरचा पांढरा रंग जिथे उडाला असेल तिथे पुन्हा द्यावा. कापलेल्या पाइपाचे तुकडे शेकोटीत टाकू नयेत. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो डोळे आणि घसा जाळतो. दीड-दीड मीटरचे उरलेले तुकडे वेलांच्या मांडवाला कामी येतात.